दैव पाचवं असतं : पद्माकर शिवलकर यांची कारकीर्द

(तळा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मागच्या वेळी मी इथे कर्म आणि कर्मफल या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपलं, चहा झाला, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली, तेव्हा एक गृहस्थ माझ्यापाशी आले. रिक्षा चालवतात. म्हणाले, "सर, तुमचं बोलणं मला अर्धंच कळलं. पण एक विचारू का? माझा मुलगा डावखुरी फिरकी टाकतो. सोळा वर्षांचा आहे. दोनदा निवड चाचणीला गेला, दोनदा नाव आलं नाही. घरात सगळे म्हणतात, नशिबात नाही, आयटीआयला घाल. मी त्याला सोडायला सांगू का?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची ही जुनी पळवाट आहे. (हशा) पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही मला सोडेना. 'नशिबात नाही' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! म्हणून आजचं व्याख्यान त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा. उत्तर शोधताना मला एका माणसाची सारखी आठवण येत होती. तोही डावखुरी फिरकी टाकायचा. पद्माकर शिवलकर. मुंबईचे 'पॅडी'.

३ मार्च २०२५ ला शिवलकर गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी जवळपास प्रत्येक बातमीत एक वाक्य होतंच : भारताकडून एकही कसोटी न खेळलेला थोर गोलंदाज. पंचवीस-तीस वर्षं मैदानावर घाम गाळलेल्या माणसाची ओळख काय, तर जे त्याला मिळालं नाही ते! हे मला खटकलं. म्हणून आधी काय मिळवलं ते सांगतो.

जन्म १९४० चा. पहिला प्रथमश्रेणी सामना १९६१-६२ च्या हंगामात, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या अध्यक्षीय संघाकडून, समोर परदेशातल्या नामवंतांचा संघ. पहिल्याच डावात पाच बळी. विनू मंकड यांच्यासारख्या जाणत्या माणसाची नजर या मुलावर पडली होती, हे त्याचं भाग्यच. कारकिर्दीत एकूण १२४ प्रथमश्रेणी सामन्यांत ५८९ बळी. एका बळीमागे धावा किती? १९.६९. वीसच्या आत! ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेकडो बळी घेऊन सरासरी वीसच्या खाली ठेवणं ही फार थोड्यांना जमलेली गोष्ट आहे. डावात पाच किंवा जास्त बळी ४२ वेळा, सामन्यात दहा किंवा जास्त १३ वेळा. आणि १९८७-८८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीत, मुंबईने त्यांना पुन्हा बोलावून घेतलं. त्या वयात आपण जिना चढताना कठडा धरायला लागतो.

एक सामना मुद्दाम सांगतो. १९७२-७३ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना. चेपॉकचं मैदान, म्हणजे तामिळनाडूचं घर. कर्णधार अजित वाडेकर. मुंबई ओळीने पंधराव्या अजिंक्यपदासाठी खेळत होती. खेळपट्टी अशी की चेंडू पडला की हातभर वळायचा. मुंबईचा डाव १५१ वर संपला. तामिळनाडूकडेही व्यंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते, म्हणजे फिरकीची वानवा कुणाकडेच नव्हती. पण तामिळनाडू पहिल्या डावात ८० वर बाद झाली. शिवलकरांचे १६ धावांत ८ बळी. मुंबई पुन्हा ११३. तामिळनाडूला जिंकायला १८५ हव्या होत्या, झाल्या ६१. शिवलकरांचे १८ धावांत ५. म्हणजे सामन्यात ३४ धावांत १३ बळी! पाच दिवसांचा सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्या चेंडूवर संपला.

मी तेव्हा मुंबईत शिकत होतो. पुढे एकदा त्यांना गोलंदाजी करताना पाहिलं. खरं सांगू का, पहिला तासभर मला त्यात विशेष काही दिसलं नाही. तीच चार पावलं, तोच हात, तोच टप्पा. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "चेंडूकडे बघू नका, बॅट्समनच्या पायांकडे बघा." मग दिसायला लागलं. फलंदाजाचा पाय एकदा पुढे, एकदा मागे, एकदा अर्धाच पुढे. टप्पा तोच वाटायचा, पण चेंडू हवेत कधी थोडा जास्त रेंगाळायचा, कधी लवकर उतरायचा. फलंदाजाचा निर्णय चुकत होता, आणि चुकवणारा माणूस जणू काही करतच नाही असं वाटत होतं.

मग असा माणूस कसोटी का खेळला नाही?

याचं एका शब्दात उत्तर सगळे देतात : बेदी. बिशनसिंग बेदी १९६६ च्या अखेरीस कसोटीत आले आणि १९७९ पर्यंत राहिले. ६७ कसोटी, २६६ बळी. तेही डावखुरे फिरकीपटू, तेही अप्रतिम. त्यांच्या आधी सलीम दुराणी आणि बापू नाडकर्णी होते, दोघेही डावखुरे मंदगती गोलंदाज. म्हणजे शिवलकर तरुण होते तेव्हा पुढे दोघं, ऐन भरात होते तेव्हा बेदी. एका संघात एकाच पद्धतीचे दोन गोलंदाज सहसा घेत नाहीत. हरियाणाच्या राजिंदर गोएल यांचंही तेच झालं. त्यांनी प्रथमश्रेणीत ७५० बळी घेतले, पण कसोटी एकही नाही. १९७४ मध्ये बंगळुरूच्या कसोटीतून शिस्तभंगाच्या कारणावरून बेदींना वगळलं, गोएल संघात आले, आणि सामन्याच्या सकाळी अकरा जणांत त्यांचं नाव नव्हतं.

म्हणून लोक म्हणतात, दैव. आणि शिवलकरांनाही ते मान्य असावं. ते उत्तम गायचे, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांच्या गाजलेल्या गाण्याचं आणि पुढे आत्मचरित्राचंही नाव 'हा चेंडू दैवगतीचा'. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी इथे थोडा वाद घालणार आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलं आहे. अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि दैव. क्रम लक्षात घ्या मंडळी. दैव पाचवं आहे, शेवटचं. आपण मात्र पहिल्या चारांना न विचारता थेट पाचव्याच्या दारात जाऊन बसतो.

आता ही चार शिवलकरांना लावून बघू. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधाराने कर्म उभं राहतं ते. भाष्यकार इथे शरीर असा अर्थ घेतात. मी आज तो थोडा सैल करतो : माणूस जिथे उभा आहे ती जमीन. शिवलकरांना मुंबई मिळाली. मैदानं, जिमखाने, कंपन्यांचे संघ, आणि पावसाळ्यातली कांगा लीग, जिथे ओल्या खेळपट्टीवर आणि गुडघाभर गवतात १९४८ पासून लोक क्रिकेट खेळत आले. कर्ता ते स्वतः. करण म्हणजे साधन : डाव्या हाताची बोटं, मनगट, चेंडूची शिवण, खेळपट्टी. चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न, रोजचा रियाज. या चारांपैकी एकही कमी पडलं नाही. ५८९ बळी हा त्याचा पुरावा.

मग कसोटी न मिळणं हे पूर्णपणे पाचव्याच्या खात्यावर टाकायचं का? इथे मला थांबावंसं वाटतं. बेदी त्याच काळात जन्मले, हे दैव. त्यावर कुणाचाच इलाज नाही. पण त्या काळी देशात फिरकी खेळपट्ट्या असूनही एका सामन्यात दोन डावखुरे फिरकीपटू खेळवायचे नाहीत, हे ठरवलं कुणी? माणसांनी. बेदी नसताना दुसऱ्या डावखुऱ्याला संधी द्यायची की नाही, हे ठरवलं कुणी? माणसांनीच. तो निर्णय चूक होता असंही मी म्हणत नाही. तेव्हा बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि व्यंकटराघवन असे चार जण होते, निवडणाऱ्यांपुढे खरोखर पेच होता. पण निर्णय हा निर्णय असतो. त्याला दैव म्हटलं की निर्णय घेणारे सुटतात. सुनील गावसकरांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात शिवलकर आणि गोएल दोघांवरही लिहिलं, आणि कर्णधार असताना आपण निवड समितीला पटवू शकलो नाही याची खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. ही खंत दैवाविषयी नाही, माणसांच्या निर्णयाविषयी आहे. म्हणून मला ती प्रामाणिक वाटते.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते कळण्यासाठी आणखी मागे जाऊ. पुन्हा डावखुरा फिरकी गोलंदाज, पुन्हा आपल्या कोकणातलं आडनाव. पालवणकर बाळू. जन्म १८७६. चांभार समाजात जन्मलेला मुलगा पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायला, रोलर फिरवायला लागला, महिना तीन रुपये. मग युरोपियनांच्या क्लबात चार रुपये. तिथे जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. बाळूने तासन् तास चेंडू टाकले, पण सरावात बॅट हातात घ्यायची परवानगी त्याला नव्हती. पुढे हिंदू संघात घेतलं, तेव्हा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याच्या वाट्याला कधी रीतसर आलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला.

त्या काळात पुष्कळांनी म्हटलं असेल, बिचाऱ्याचं नशीब. नशीब नव्हे! ती जातिव्यवस्था होती, माणसांनी केलेली आणि माणसांनीच मोडायची. ज्याला अधिष्ठानाचा दोष म्हणायला हवं त्याला आपण दैव म्हणतो, तेव्हा आपण नुसता शब्द चुकवत नाही, अन्यायावर पांघरूण घालतो.

बाळूची आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. ग्रेगला रोज चेंडू टाकून टाकून त्याची फलंदाजी कुणी घडवली? बाळूने. त्याला कुणी कोच म्हटलं नाही, चार रुपयांचा नोकर म्हटलं. पण काम तेच होतं. आणि इथून मी शिवलकरांच्या दुसऱ्या डावाकडे येतो.

खेळणं थांबल्यावर शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्यात प्रशिक्षक झाले. मुलं यायची, ते शिकवायचे. याच्या बातम्या होत नाहीत. शिकवण्याचा स्कोअरबोर्ड नसतो. मी स्वतः चौतीस वर्षं शिकवलं. जे पुस्तक लिहायचं ठरवलं होतं ते राहिलंच, त्यामुळे ही गोष्ट मला आतून कळते. घरी आल्यावर 'आज काय केलंत?' या प्रश्नाला शिक्षकाकडे दाखवण्यासारखं उत्तर नसतं.

डावखुरी फिरकी शिकवणं म्हणजे काय असतं? चेंडू बोटांत कसा धरायचा, हे पाच मिनिटांत सांगून होतं. पुढचा पाय कुठे टेकवायचा, त्या पायावर अंग कसं फिरवायचं, हे काही महिन्यांत. पण षटकार बसल्यावर पुढचा चेंडू तितकीच उंची देऊन टाकायचा, भिऊन सपाट टाकायचा नाही, हे शिकवायला वर्षं लागतात. आणि ते फक्त ज्याने स्वतः खाल्लेले षटकार पचवले आहेत तोच शिकवू शकतो.

आपल्यापैकी काही जण मुलांकडे, नातवंडांकडे अमेरिकेला जाऊन आले असतील. तिथे त्यांनी बेसबॉल पाहिला असेल. आपला जसा गोलंदाज, तसा त्यांचा पिचर. साठ फूट सहा इंचांवरून, मातीच्या उंचवट्यावर उभा राहून, टप्पा न टाकता चेंडू फेकतो. तिथला एक माणूस सांगतो, लिओ मॅझोनी. तोही डावखुरा पिचर. जवळपास दशकभर छोट्या लीगांमधून खेळला, मोठ्या लीगमध्ये एक चेंडूही टाकायला मिळाला नाही. पुढे १९९० मध्ये अटलांटा ब्रेव्हज या संघाचा पिचिंग कोच झाला. त्याची एक साधी कल्पना होती, जी त्याने जॉनी सेन या जुन्या पिचर-प्रशिक्षकाकडून घेतली होती : दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत पिचरने जास्त वेळा चेंडू टाकायचे, पण जोर कमी लावून. हाताला विसर पडू द्यायचा नाही आणि हात मारायचाही नाही. आपल्या गवयांचा मंद्र सप्तकातला रियाज आठवा, तसं काहीसं. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत त्याच्या हाताखालच्या ग्लॅव्हिन, मॅडक्स आणि स्मोल्ट्झ या तिघांनी मिळून सहा वेळा साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, मिळवला. १९९५ मध्ये संघ वर्ल्ड सिरीज जिंकला.

कुणी म्हणेल, बघा, शेवटी न्याय झाला! थांबा. हाच मॅझोनी २००६ मध्ये बाल्टिमोरला गेला. माणूस तोच, पद्धत तीच. तिथे ते जमलं नाही आणि दोन वर्षांत त्याला जावं लागलं. म्हणजे शिक्षकालाही पाचवं कारण चुकत नाही. हाताखाली मॅडक्स असणं हाही योगच.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी हा प्रश्न नव्याने मांडला. त्याला नैतिक दैव असं म्हणता येईल. जे माणसाच्या हातात नाही त्यावरून आपण त्याचं मोल का ठरवतो? आपण म्हणतो, ठरवू नये. पण ठरवतोच. वर्तमानपत्रातलं 'एकही कसोटी न खेळलेला' हे वाक्य म्हणजे तेच.

माझं म्हणणं असं. खेळाडू असताना शिवलकरांचं कर्म फळासाठी एका दारावर अडलं होतं आणि ते दार दुसऱ्यांच्या हातात होतं. प्रशिक्षक झाल्यावर काय झालं? त्यांची चेष्टा, त्यांचा सव्वीस वर्षांचा रियाज, दुसऱ्या कुणाचं तरी अधिष्ठान झाला. मंकडांची नजर शिवलकरांचं अधिष्ठान होती. शिवलकरांची नजर शिवाजी पार्कवरच्या पोरांचं. शिकवणारा माणूस पुढच्याच्या पायाखालची जमीन होतो. पाचव्या कारणावर त्याचा ताबा नसतो, पण पहिलं कारण तो दुसऱ्यासाठी तयार करू शकतो. हे काम दैवाला विचारून करावं लागत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : ही हरलेल्याची समजूत नाही का? मी म्हणतो, समजूत म्हणून सांगितली तर आहे. शिकवल्यामुळे शिवलकरांचं न खेळणं भरून निघालं, असं मी म्हणणार नाही. ते दुःख होतंच. २०१७ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना आणि गोएलना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, त्यानेही ते भरलं नसणार. तोटा तोट्याच्या जागी राहतो. पण तोटा हा आयुष्याचा एकुलता एक मजकूर नसतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि कधी कधी ते न उघडलेलं दार दुसऱ्यांसाठी उघडतं. अमोल मुझुमदार. प्रथमश्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि कसोटी शून्य. शाळेत असताना तेंडुलकर-कांबळींच्या ६६४ च्या भागीदारीत ते पॅड बांधून बसून राहिले, त्यांची पाळीच आली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक तेच होते. हे बक्षीस म्हणून सांगत नाही. संघ हरला असता तरी त्यांनी केलेलं काम तेवढंच राहिलं असतं.

आता त्या गृहस्थांचं उत्तर. ते आज आलेत, मागे बसलेत, मला दिसतायत.

दादा, मुलाला सोडायला सांगू नका. पण 'तू इंडियाकडून खेळशील' असंही सांगू नका, कारण ते तुमच्या हातात नाही आणि त्याच्याही नाही. त्याला आयटीआयला घाला, जरूर घाला. पोटाची विद्या हवीच, आणि मुंबईच्या कित्येक क्रिकेटपटूंनी दिवसा कचेरीत काम करूनच क्रिकेट खेळलं. पण संध्याकाळचा एक तास त्याच्याकडून काढून घेऊ नका. निवड झाली नाही, तर आधी चार गोष्टी तपासा. मैदान मिळतं का? शिकवणारा आहे का? चेंडू, खेळपट्टी कशी आहे? रियाज किती होतो? आपल्याकडे भात कापल्यावर शेतात टेनिस चेंडूने खेळतात. लेदरच्या चेंडूची शिवण बोटांना कधी लागलीच नसेल, तर चाचणीत तो वळणार कसा? हे नशीब नव्हे, हे पहिलं आणि तिसरं कारण आहे, आणि ते आपण सगळे मिळून दुरुस्त करू शकतो. इथे जमलेल्यांत क्रिकेट खेळलेले लोक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणी मैदानावर उभं राहील का, हा प्रश्न मी तुम्हा सगळ्यांपुढे ठेवतो.

आणि हे सगळं करूनही नाव आलं नाही, तर मग म्हणा, दैव. तेव्हा तो शब्द खरा असेल. पण तोपर्यंत तुमच्या मुलाच्या बोटांत काहीतरी आलेलं असेल, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी देता येईल.

इथेच थांबतो.